तीन सायकलींची एक सायकल

मौद्याच्या स्टँडवर बाबांनी माझी सायकल एसटीच्या टपावर चढवली, दोरीनं आवळली आणि खाली उतरून कंडक्टरलाच दम भरला, "हळू उतरवजा गा, नवी आहे." नवी कसली! फ्रेम एकीची, पुढचं चाक धरणारा चिमटा दुसरीचा, चाकं तिसरीची. बाबा गावातले सायकल मिस्त्री. मी कॉलेजसाठी नागपूरला निघालो म्हणून महिनाभर खपून त्यांनी ती जोडली होती. नवी जमत नसेल तर नागपूरच्या जरीपटक्यातून जुनी घेऊ, असं मी सुचवलं होतं. तर म्हणाले, "विकतची काहून? माह्या हातची चालव. रस्त्यात दगा नाही देणार."

सायकलनं नाही दिला. दगा दिला तो मी. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्या माझ्या माणसांनो, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

नागपुरात धंतोलीतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. बाकी दोघांचे वडील ऑफिसर. सायकल कुठली विचारलं की मी सांगायचो, जरीपटक्यातली, सेकंडहँड. एका दुपारी बाबा न कळवता आले. नखांत ग्रीस, पिशवीत पाने-पक्कड. रूममेटनं विचारलं, "कोण हे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावचे मिस्त्री. सायकल पाहायला आलेत."

बाबांनी ऐकलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते खाली बसले, चेन ताणली, ब्रेक पाहिले. मग पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे धरला. "झालं भाऊ. चालवून पाहून घ्या. आन् हा डबा, तुमच्या आईनं पाठवला आहे." पोटच्या पोराला अहो-जाहो! पाणीही न पिता गेले. त्यानंतर तो विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. नोकरी लागली, फ्लॅट झाला, दिवाळीला मी गाडीनं मौद्याला जाऊ लागलो. आम्ही ऊन-पावसाचं बोलतो.

यंदा मुलगी सायकल मागू लागली. गिअरची नवी घ्यायची, की सोसायटीत कुणी विकतंय ती, आठवडाभर घरात हाच घोळ. शेवटी बाबांना फोन लावला. "बाबा, तुम्हीच जोडून द्या ना."

 ते म्हणाले, "नवीच घे गा. कोनं बनवली म्हनून कोनी पुसलं, त पोट्टी काय सांगन?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं. माफी मागायची होती, पण कसंबसं एवढंच म्हणालो, "जोडा बाबा. तिला तुमच्या हातचीच पाहिजे."

गेल्या रविवारी ते सायकल घेऊन आले. खाली पार्किंगमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "छान आहे गं, कुठून घेतली?" पोरगी घंटी वाजवत ओरडली, "माझ्या आजोबांनी बनवली! हे काय, हेच माझे आजोबा!" बाबांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत काकू त्यांना नमस्कार करून गेल्यासुद्धा.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजूनही मौदा सांगतो. त्या घराचं दार माझ्याच तोंडानं मी लावून घेतलं होतं. ते उघडायला 'हे माझे वडील' एवढं म्हटलं की पुरे होतं. माझी दहा वर्षांची पोरगी तिच्या वाटचं म्हणून मोकळी झाली. मी अजून म्हटलेलं नाही.