खळ्यावरची आमची जागा

पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास आला की मला आमच्या कोळीवाड्याचं खळं आठवतं. अंधेरीपलीकडे खाडीला चिकटलेलं चाळीसेक घरांचं गाव, आणि सगळ्यांची मासळी त्या एकाच खळ्यावर सुकायची. मी नोकरीला लागले त्या पावसाळ्यात होड्या बंद होत्या, खळ्यावर नुसता चिखल. नेमका तेव्हाच वॉर्ड ऑफिसचा साहेब आला आणि आमच्या पाटलांपुढे कागद धरून म्हणाला, "जागा मोकळी आहे असं लिहिलंय. सही करा." पाटील म्हणाले, "एकट्याची सही आमच्यात चालत नाय. गावकी बसेल." "कधी?" "आत्ता." देवळातली घंटा वाजली तशा घराघरातून बायका आल्या. साहेबाने विचारलं, "कुणाची जागा कुठली, काही खूण आहे?" खळ्यावर रेघ कधी कुणी मारली नव्हती. पण प्रत्येक बाई आपल्या घराच्या वाळवणाच्या जागेवर जाऊन चिखलात बसली. मधे एकच जागा उरली. साहेबाने तिकडे पेन रोखलं, "मग ही तर मोकळीच ना?" ती आमची होती; आई बाजारात गेलेली. मी नव्या नोकरीच्या इस्त्रीच्या कपड्यांत कडेला उभी होते. शेजारची काकी म्हणाली, "बघतेस काय गं? बस." मी बसले. साहेबाने कागदाची घडी घालून खिशात टाकली. आज लिफ्टमध्ये शेजारणीने माझ्या पिशवीकडे बघून नाक दाबलं. मी पिशवीचं तोंड आणखी थोडं उघडलं.