बागेखालचं लेकरू

“न विचारता बाग उकरतोस? सासऱ्याची जहागीर आहे का?” बागेच्या राखणदार यादविगाबाईंनी झेनोनला एकदा फैलावर घेतलेलं त्याच्या बायकोनं, हालिनानं, ऐकलं होतं. तेव्हापासून धातू शोधायचं यंत्र काढण्याआधी तो सरकारी परवाना घ्यायचा, बाईंनाही विचारायचा.

आज यंत्र वाजलं. त्यानं गवताची खपली अलगद उचलून माती उकरली आणि सोबत आलेली हालिना वाकून पाहू लागली. इवल्याशा बोटांच्या हाडांत क्रूस अडकला होता. युद्धानंतर इथून हाकललेल्या जर्मनांची दफनभूमी सपाट करून ही बाग केली, असं म्हातारे कुजबुजायचे, ते खरंच होतं. इथंच तिनं नातवंडं खेळवली होती.

“बाईंना सांगितलंस तर तुझं इथलं उकरणं कायमचं बंद,” ती पुटपुटली.

“होऊ दे. या लेकराला कुठं विचारलं होतं आपण?”

क्रूस तसाच ठेवून त्यानं माती लोटली, गवत बसवलं, आणि रोजच्यासारखी वाटेतली बाटल्यांची बुचं वेचत तो यादविगाबाईंकडे सांगायला गेला.