पुलाच्या अलीकडची खूण

तर मायक्रोबसचा ड्रायव्हर उस्ता मितवल्लीनं ऐन पुलाच्या तोंडाशी करकचून ब्रेक दाबला, तो का? शेजारी बसलेली त्याची सात वर्षांची लेक इनास किंचाळली होती, "बाबा, तीन बोटं खाली! इम्बाबाला जाणारी माणसं!" मागचे उतारू एकमेकांच्या अंगावर. एक म्हातारी म्हणाली, "उस्ता, गाडी तू चालवतोस की ही?"

"स्टिअरिंग माझं, हाज्जा, डोळे हिचे!"

कैरोतल्या मायक्रोबसला कसली आलीय पाटी! रस्त्याकडेला उभं राहून बोटांनी खूण करायची, ड्रायव्हरनं ओळखायचं. इनास त्या बोटांवरच वाढली. इंजिनिअर झाली तरी सुटीला बापाशेजारी बसायची आणि मांडीवरच्या वहीत हात काढायची. कुठल्या चौकात कुठली खूण, सकाळी किती हात, संध्याकाळी किती. जिथं हात फार अन् गाड्या थोड्या, तिथं सरकारी बस हवी, एवढं साधं तिचं म्हणणं. त्या वहीच्या जोरावर ती शिष्यवृत्ती मागणार होती. सार्वजनिक वाहतुकीचं दोन वर्षांचं वरचं शिक्षण, पुढं शहराच्या बसखात्यात नोकरी. जागा एकच.

हातिम तिचा दूधभाऊ. त्याची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा इनासच्या आईनं दोघांनाही पाजलं. त्यांच्यात दूधभाऊ म्हणजे सख्खाच. पुढं हातिमच्या बापाला बरे दिवस आले, दारात मोटार आली, घर नदीपलीकडं गेलं. पण कॉलेज दोघांचं एकच, अन् शुक्रवारी स्वारी जेवायला हजर.

"इनास, वही दे की दोन दिवस. अर्ज कसा मांडायचा तेवढं बघतो."

"ने. पण मुलुखियाच्या भाजीचे डाग पाडलेस तर याद राख!"

वही दोन दिवसांनी परत आली. डाग एकही नव्हता.

महिन्याभरानं निवड झाली हातिमची. अर्जात तिचेच हात, तिचेच चौक, नाव तेवढं त्याचं. तिचा अर्ज त्याच्या मागून पोचलेला. समितीच्या बाईंनी उलट तिलाच फोनवर झापलं, "मुली, दुसऱ्याचं काम उतरवून पाठवताना जरा तरी लाज वाटायला हवी होती."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. उस्तानं आठवडाभर गाडीतला रेडिओ लावला नाही, आणि बिनरेडिओचा मितवल्ली म्हणजे बिनमिठाची उसळ. उतारू विचारायचे, "घरात कोण गेलं?" तो म्हणायचा, "मुलगा."

आणि त्या आठवड्याच्या शुक्रवारी हातिम दारात! एक गाल टम्म सुजलेला.

"वहीत चूक आहे, इनास! उद्या समितीला रस्त्यावर खुणा करून दाखवायच्यात. म्हणून आमच्या बाजूला तीन बोटं खाली करून बघितली, तर ड्रायव्हरनं गाडी थांबवली, उतरला, थोबाडीत दिली आणि गेला."

उस्ताला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. "हात चांगला दिसतोय गड्याचा!"

"हसू नका, काका. इनास, काय चुकलं तेवढं सांग. एका दुधाची ना आपण? उद्या फजिती झाली तर शिष्यवृत्ती हातची जाईल माझी."

'माझी' ऐकून आई थांबली. सवयीनं चौथं ताट घेतलं होतं तिनं, ते परत फळीवर ठेवलं.

इनासला वाटलं, गप्प बसावं. जाऊ दे त्याला उद्या तोंडावर आपटायला. पण विचारलेली वाट खोटी सांगायची नाही, हे बापाच्या शेजारी बसूनच ती शिकली होती. तिनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला अन् म्हणाली, "वहीत चूक नाही, हातिम. पुलाच्या अलीकडं या खुणेनं गाडी थांबते, पलीकडं तीच आईवरून शिवी होते. इथं हे लहान पोरालाही ठाऊक, म्हणून लिहायचं सुचलं नाही. आणि त्या ड्रायव्हरला ती शिवी तू चुकून दिलीस. माझ्या आईला मात्र समजून उमजून दिलीस."