नाचाच्या बाई

नाचाच्या बाईंना साधं चालताना मी क्वचितच पाहिलं. साठी उलटली होती, तरी सौदीतल्या खफजी गावातल्या आमच्या कंपाउंडमधून त्या टाचा उचलून, मनातल्या मनात ताल धरून जायच्या. त्यांचे यजमान इयन माझ्या नवऱ्याबरोबर तेलाच्या कंपनीत होते. तिथल्या स्कॉटिश मंडळींची एक संस्था होती. दर गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये बाई तिकडचे पारंपरिक नाच शिकवायच्या.

त्या नाचाला चार जोड्या लागत. स्कॉटिश कुटुंबं एकेक करून मायदेशी परतली, तशा बाई इतरांची दारं वाजवू लागल्या.

"शमीम, पाय धड आहेत ना तुझे? मग ये."

"बाई, आम्ही रत्नागिरीचे. आम्हाला काय जमणार तुमचं?"

"मला तरी कुठे जमत होतं? गावी होते तेव्हा एकदाही नाचले नाही. इथे आले आणि गावाची भूक लागली."

मला ते लगेच पटलं. माहेरी मी कधी सांदणं केली नव्हती. इथे आल्यावर अम्मीला फोन करकरून शिकले.

शेवटी संस्थेत स्कॉटिश असे ते दोघंच उरले. बाकी आम्ही दोघं, एक मल्याळी जोडपं आणि एक फिलिपिनो. वार्षिक जेवणाच्या वेळी पुरुषांच्या चौकडीच्या घागऱ्यांना कापड मिळेना, तर बाईंनी माझ्या नवऱ्याच्या लुंग्यांना चुण्या घातल्या. इयन आरशात बघून म्हणाले, "माझी आजी ओळखणार नाही मला." बाई म्हणाल्या, "ओळखेल. पाय तेच आहेत."

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इयन कामावरच हृदयविकाराने गेले. बाईंचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या आधारावर; त्यांना देश सोडणं भाग होतं. आयुष्याचा मोठा भाग इथे गेला होता. जाण्याआधीच्या गुरुवारी त्यांनी हॉल उघडला. माझ्या नवऱ्याने हळूच विचारलं, "इयनच्या जागी कुणाला बोलावू?"

"नको. त्याची जागा राहू दे. तुम्ही हात मात्र पुढे करा."

संगीत सुरू झालं. ज्याची त्याची पाळी आली, तसा प्रत्येकाने त्या जागेपुढे हात केला, एक गिरकी घेतली आणि पुढे सरकला. ताल कुणाचाच चुकला नाही. बाईंची पाळी आली तेव्हा त्या तिथे दोनदा फिरल्या. खरं तर एकदाच फिरायचं असतं.

परवा त्यांचा फोन आला होता. स्कॉटलंडात, त्यांच्या गावातल्या नाचाच्या वर्गाला जातात म्हणे. "पण घाईत माझ्या तोंडून 'चला'ऐवजी अरबी 'यल्ला' निघतं गं. सगळे थांबतात आणि विचारतात, तू मूळची कुठली?"

सांगताना त्या खूप हसल्या. हसून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.