सोळा टाक्यांचं भूत

टाकेमावशींनी आयुष्यातलं पहिलं भूत काढलं ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चौकटीच्या कागदावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, टाके मोजत. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी बदकं काढली. बदकं, अस्वलं, ससे, होड्या, क्वचित एखादं आगगाडीचं इंजिन. लहान मुलांच्या स्वेटरांच्या कारखान्यात नक्षी उतरवायच्या कामाला लागल्या तेव्हा त्यांना विचारलं होतं, "चित्रकला येते का?" त्यांनी खरं ते सांगितलं, "नाही. मोजता येतं." त्या मोजण्यावर एकतीस वर्षं निघाली. स्वेटरावरचं बदक म्हणजे चित्र नव्हेच. ते अमुक इतके पिवळे टाके आणि तमुक इतके पांढरे. चोच चार टाक्यांची झाली तर बदक, पाच टाक्यांची झाली तर कावळा. रस्त्यात कुणी स्वेटर घालून समोर आलं की मावशी तोंडाकडे न बघता पोटाकडे बघत आणि "बाविसावी ओळ चुकलीय" असं पुटपुटत पुढे जात. टाकेमावशी हे नाव कारखान्यानं ठेवलं आणि घरानं उचललं. खुद्द नवरा चारचौघांत "आमच्या टाकेमावशी" म्हणू लागला, तेव्हा मात्र "मी तुमची मावशी कधीपासून झाले?" असं विचारून त्यांनी त्याला गप्प केलं.

मग कारखान्यात एक यंत्र आलं. त्याला फोटो दाखवला की ते आपलं आपण टाके पाडत असे. त्याची बदकं मावशींना मुळीच आवडली नाहीत. "डोळ्यांत जीव नाही मेल्यांच्या," त्या म्हणाल्या. पण जिथं बदकाला कुणी विचारत नाही तिथं बदक काढणारीला कोण विचारतो? मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, चार शब्द बोलले, त्यातला एक चुकला, आणि मावशी घरी बसल्या.

घरी बसून त्यांनी मोजायला घेतलं. स्वयंपाकघरात एकशे बारा फरश्या. खिडकीला नऊ गज. नवऱ्याच्या सदऱ्यावर पुढच्या बाजूला चौऱ्याहत्तर रेघा. नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांत जाऊन काटे बघणं हे त्याचं काम. तो म्हणाला, "अगं, मी दिवसभर लोकांची मापं काढतो आणि घरी आलो की तू माझी काढतेस. कुठेतरी जात जा बाई."

अशा वेळी भाचा उगवला.

हा मावशींच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली घेऊन, एका भागीदारणीसोबत तो व्हिडिओगेम बनवत असे. खालून किल्ली घासल्याचा आवाज, वरून गेमचे टुंई-टुंई आवाज, मधल्या जिन्यावर मांजर. नवा खेळ मुद्दाम जुना दिसेल असा करायचा होता: तीस वर्षांपूर्वी डबा टीव्हीला जोडून खेळायचे ना, तसा. सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं. एक पोस्टमन एका भुताळ हवेलीत शिरतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक पत्र पोचवायचं असतं. वाटेत भुतं, सांगाडे, वटवाघळं. पोस्टमनच्या हातात टपालाचा शिक्का. तो उडी मारून भुतावर ढुप्पकन बसवला की भूत रवाना.

"लहान मुलं घाबरतील रे," मावशी म्हणाल्या.

"अगं घाबरायचंच नाहीये. गंमत आहे सगळी. तू फक्त भुतं काढून दे. सोळा घरं रुंद, सोळा घरं उंच. तुझे टाकेच समज."

मावशींनी पंधरा दिवसांत बारा भुतं काढून दिली. काढून म्हणजे लिहून. यंत्रावरच्या बायांना द्यायच्या तशा चिठ्ठ्या: पहिली ओळ, पाच काळे, सहा पांढरे, पाच काळे. भाच्यानं त्या संगणकात भरल्या, खेळ सुरू केला, आणि हवेलीतली झाडून सगळी भुतं डोक्यावर चालत आली. सांगाडा कवटीवर उड्या मारत होता. हडळीचे केस जमीन झाडत होते. स्वेटर खालच्या काठापासून विणायला घेतात. मावशींची पहिली ओळ म्हणजे पाय. संगणकाची पहिली ओळ म्हणजे डोकं. तेवढं वटवाघूळ बरोबर निघालं, कारण ते सरळ काढलं होतं आणि उलटं झालं होतं.

"एक नंबर, मावशी!" भाचा म्हणाला. त्याची भागीदारीण, जी खेळातल्या चित्रांचं बघायची आणि जिचा चष्मा तिच्या चेहऱ्यापेक्षा दोन मापं मोठा होता, ती फक्त "हं" म्हणाली आणि सगळी भुतं सरळ करत बसली.

तेव्हापासून मावशी रोज दहाला डबा घेऊन जिना चढू लागल्या. त्यांची भुतं भाच्याला नेहमीच एक नंबर वाटत. खरं सांगायचं तर एकतीस वर्षं तान्ह्या पोरांच्या छातीवर बसतील अशीच जनावरं काढलेल्या हाताला भुताचं वळण येतच नव्हतं. मावशींच्या प्रत्येक भुताच्या चेहऱ्यावर एकच भाव असे: जरा त्रास देतोय, माफ करा. त्यांचं सगळ्यात लाडकं होतं कारकून भूत. काखेत फाइल, मान किंचित कलती. भिंतीतून आरपार जाण्याआधी क्षणभर थांबायचं, जणू आत कुणी असेल तर बरं दिसणार नाही. कारखान्यातल्या जुन्या भांडारपालावरून ते उतरवलं होतं. मावशी घरी येऊन नवऱ्याला सांगत, "आज त्याला चष्मा दिला. दोन टाक्यांचा." फरश्या मोजायचं केव्हाच बंद झालं होतं.

तीन महिने असे गेले आणि एका दुपारी थोरल्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ताई म्हणाली, "बरं झालं बाई, माझ्या पोरानं तुला गुंतवून ठेवलं. नाहीतर तू घरात बसून वेडी झाली असतीस. मीच म्हटलं होतं त्याला, बघ काहीतरी."

मावशींनी फोन ठेवला आणि खिडकीचे गज मोजले. नऊच होते.

गुंतवून ठेवलं! रडणाऱ्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसं. मग ते रोजचं एक नंबर, एक नंबर? मावशी आठवू लागल्या. तीन महिन्यांत एकदाही, एका भुताच्या एका टाक्यालाही कुणी नाही म्हटलं नव्हतं. कारखान्यात त्यांची पहिली चाळीस बदकं परत आली होती.

संध्याकाळी नवरा मोजे काढत असताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, काटा खरा की खोटा हे कसं ओळखता तुम्ही?"

"सोपं आहे. जे वजन आपल्याला आधीच माहीत आहे ते ठेवायचं आणि काटा काय बोलतो ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅसवर दूध तापत होतं तेवढ्या वेळात, मावशींनी एक भूत काढलं. एक चौकोन, त्याला दोन भोकं. तीही एका ओळीत नाहीत. उशीच्या अभ्र्याला कसर लागावी तसं ते दिसत होतं. जन्मात एवढं वाईट काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. ते करताना त्यांचा हात दोनदा थांबला. दहा वाजता त्यांनी तो कागद भाच्यापुढे ठेवला.

भाच्यानं कागद लांब धरला, जवळ धरला. "वा, मावशी," तो म्हणाला. "किती वेगळं! एक नंबर!"

मावशींनी डबा उघडलाच नाही. बारा वाजता "गुडघा दुखतोय" म्हणून त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं रजा टाकली. गुडघ्यासाठी नव्हे, बायको सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती म्हणून.

"काटा खोटा निघाला," एवढंच त्या म्हणाल्या. "आता नाही जायचं मला. भीक म्हणून मिळालेलं काम नको."

"अगं, पण पोरगा जीव लावतो तुला."

"जीव लावायला भाचा आहेच की. मी तिथं कामाला जात होते."

 तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात ती चष्मेवाली. बगलेत लॅपटॉप, हातात कागदांची गुंडाळी, तीन जिने चढून लागलेली धाप.

"गुडघा कसा आहे?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जेवायच्या टेबलावर कागद पसरले. वरचाच कागद उशीच्या अभ्र्याचा होता. "मावशी, हे काय आहे?"

"भूत," मावशी म्हणाल्या.

"हे भूत नाही. हा कंटाळा आहे. तुम्ही हे दहा मिनिटांत काढलंय."

"सात," मावशी म्हणाल्या.

"हे खेळात गेलं तर माझी लाज जाईल. मी त्याला त्याच दिवशी सांगितलं, नाही घ्यायचं. तर म्हणे, मावशी आहे, तिला वाईट वाटेल. दोन दिवस भांडतोय आम्ही. खालचा किल्लीवाला वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून. शेवटी म्हटलं, मीच जाते आणि सांगते. आणि आलेच आहे तर बाकीचंही सांगते." तिनं खिशातून एक चिठ्ठी काढली. "अकरा गोष्टी आहेत."

"अकरा?" मावशींनी खुर्ची ओढली. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत? अकरा!" लॉटरी लागल्याचं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

पहिल्या चार गोष्टी त्यांनी मान डोलवत ऐकल्या. हडळीचा पाय चालताना घसरतो: बरोबर. सांगाड्याच्या बरगड्या मोजून एक जास्त: त्यांना आधीच माहीत होतं, कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. मग चष्मेवालीनं पाचवा कागद काढला. "आणि हा कारकून जायला हवा."

मावशींचं तोंड उतरलं. "कारकुनाला काय झालं?"

"त्याला शिक्का मारवत नाही. पोस्टमन पळत येतो, उडी मारतो, आणि खेळणारा थांबतो. मी स्वतः थांबले. इतका गरीब चेहरा! तेवढ्यात मागून वटवाघूळ येऊन आपल्याला मारतं. भूत भीतीदायक नको, मान्य. पण निदान खोडकर तरी हवं. बघून हात शिवशिवला पाहिजे."

"तुला काय कळतं गं? तीन दिवस घालवले मी त्याच्यावर! त्याची मान बघ, ती एक टाका कलती आहे. एक टाका! तेवढ्यात अख्खा माणूस आलाय!"

"माणूस आलाय म्हणूनच म्हणते. मला भूत हवंय."

"खोडकर हवं ना? माझा धाकटा दीर बघ एकदा, लहानपणी दारात उभा राहून जीभ दाखवून पळायचा. याला मी तेच करायला लावते. भिंतीत शिरताना मागे वळेल आणि जीभ काढेल. पण नाही ना काढता येत!"

"का नाही?"

"त्या ओळीत काळा आहे, पांढरा आहे. लाल आणू कुठून? एका ओळीत दोनच रंग. तिसरा घेतला की पाठीमागून धागे लोंबतात, मुलांची बोटं अडकतात."

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी," ती हळूच म्हणाली, "इथे पाठीमागे काही नाहीये. एका ओळीत चार रंग चालतात. पहिल्या दिवसापासून चालतात."

 नवऱ्यानं चहाचं आधण खाली उतरवलं.

"म्हणजे तीन महिने," मावशी म्हणाल्या, "मी दोन रंगांत भुतं काढत बसलेय, आणि कुणी मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं तुमची शैली आहे. मी विचारणार होते, तर तो म्हणाला, राहू दे, तिला बोलू नकोस काही."

नेमका तेव्हाच फोन वाजला. नवऱ्यानं उचलला. पलीकडे भाचा होता. "काका, मावशीचा गुडघा कसा आहे? तिला सांगा, घाई नाही, सावकाश येऊ दे."

"गुडघ्याचं माहीत नाही," नवरा म्हणाला, "पण आवाज ठणठणीत झालाय. थांब, येतेच आहे तुझ्या अंगावर."

मावशींनी फोन हिसकून घेतला. "ते परवाचं भूत. एक नंबर आहे ना?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "मावशी... ते उशीसारखं दिसतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की मेल्या! मला वाईट वाटलं तर मी दुसरं काढेन. तू एक नंबर म्हणालास तर मी काय करू? उद्या दहाला येतेय. ती माझ्याशी भांडायला तीन जिने चढून आली, तुला पाय नाहीत? जे जे वाईट वाटतंय त्याची यादी करून ठेव. आणि अकरापेक्षा कमी नको!"

फोन नवऱ्याच्या हातात कोंबून त्या टेबलाशी परतल्या. चष्मेवालीनं कारकुनाचा कागद सरळ करून ठेवला होता आणि लाल पेन्सिलीचं टोक काढलं होतं. मावशींनी खालून ओळी मोजल्या, नवव्या ओळीवर थांबल्या, आणि आयुष्यातला पहिला तिसरा रंग भरायला हात उचलला.

"किती टाके?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दोनाची जीभ चिडवत नाही गं, ती डॉक्टरला दाखवल्यासारखी वाटते. तीन."

"तीन लांब होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाल्या, "माझा दीर तू पाहिलेला नाहीस."