एका नावाच्या दोन फायली

नसरापूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी गेली काही वर्षं रेकॉर्डचं काम करते. तळमजल्यावर जिन्याखाली आमची खोली आहे. एका टेबलावर बिलं बनतात, दुसऱ्यावर मी. आलेल्या पेशंटची नोंद करायची, जुनी फाईल असली तर काढून वर पाठवायची, भरतीचे आणि सोडतानाचे सगळे कागद स्कॅन करून ठेवायचे. पेशंटशी आमचं बोलणं खिडकीतून होतं तेवढंच.

त्या दिवशी सकाळी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून एक जोडपं आलं. मेंढरं राखणारी माणसं. बाईच्या पायाला बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता आणि पाय पोटरीपर्यंत सुजला होता. अंगात ताप होता. नवऱ्यानं तिला बाकावर बसवलं आणि खिडकीशी येऊन नाव सांगितलं. मी संगणकात टाकलं तर नाव सापडलं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडी, सगळं जुळलं. मोबाईलसुद्धा तोच, वाडीतल्या जीपवाल्याचा. वयात तीन वर्षांचा फरक होता, पण आमच्याकडे वय अंदाजानंच सांगतात.

"आधी आला होता ना इथं?" मी विचारलं.

"व्हय, आलतो की," तो म्हणाला.

मागं रांग होती. मी जुनी फाईल काढली, नवा कागद तिला जोडला आणि वर पाठवून दिली.

दुपारी भरतीचे कागद स्कॅनला खाली आले. संमतीपत्रावर अंगठा होता. माझा हात थांबला, कारण सकाळी फाईल काढताना जुन्या संमतीपत्रावर मी सही पाहिली होती. वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची सही. सही करणारी बाई अंगठा कशाला देईल? पुन्हा स्क्रीनवर पाहिलं. जुन्या फाईलमधल्या बाईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि 'कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी उठले आणि जिना चढून वॉर्डात गेले. सलाईन चालू होतं. सिस्टर ट्रेमध्ये इंजेक्शन भरत होत्या.

"सिस्टर, जरा थांबा. ही फाईल बहुतेक यांची नाही."

त्यांनी सुई खाली ठेवली. मी बाईच्या जवळ गेले.

"मावशी, तुमचं पोटाचं ऑपरेशन झालंय का?"

"माजं? न्हाई बाई. ती माजी चुलत जाऊ. आमची दोगींची नावं एकच, आन् मालकांची बी; आज्याचं नाव दोगांला."

"आणि तुमचे मालक तर म्हणाले, आधी आलोय."

"त्येच आलते की, तिला बगायला."

सिस्टरांनी विचारलं, "कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का?"

"लई झालता. अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. आता मरतीया का काय, असं झालतं."

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आले, बाईला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि औषध बदललं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फाईल कुणी जोडली?"

"मीच."

त्यांनी जुनी फाईल बंद करून माझ्या हातात दिली. म्हणाले, "दोन्ही वेगळ्या करा आणि मला आणून दाखवा."

मी खाली आले. नवी फाईल केली, तिच्यावर लाल पेनानं ॲलर्जी लिहिली, दोनदा तपासून डॉक्टरांना दाखवली. संध्याकाळी एसटीत विंझरपर्यंत शेजारची रोजची बाई विचारत राहिली, डोकं दुखतंय का म्हणून.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि त्यांना सोडलं. कार्ड घ्यायला दोघं खिडकीशी आले. गप्प बसले असते तर त्यांना कळलंही नसतं. पण मी बाहेर गेले आणि सांगितलं, की फाईल माझ्या हातून चुकली होती, त्यावरून नको ते इंजेक्शन दिलं जाणार होतं. नवऱ्यानं लगेच विचारलं,

"मग दिलं न्हाई ना?"

"नाही. कार्डावर हे ॲलर्जीचं लाल अक्षरात लिहिलंय, ते कुठल्याही दवाखान्यात दाखवा."

त्यानं कार्ड घडी करून बंडीच्या खिशात घातलं. बाई मात्र तिथंच उभी राहिली.

"पर माज्या जावंच्या कागदात माजं काय ऱ्हायलं न्हाई ना? तिला परत यावं लागलं तर?"

मी म्हणणार होते, नाही राहिलं. पण आत जाऊन पाहिलं. तिच्या रक्ताचा एक रिपोर्ट, भरतीच्या दिवशी दुपारी लॅबमधून आलेला, जावेच्याच फाईलमध्ये पडून होता. तो काढला, योग्य ठिकाणी लावला आणि बाहेर येऊन तिला तसं सांगितलं.

"बरं झालं बाई, बगितलंस," एवढं म्हणून ती नवऱ्याच्या खांद्याला धरून एसटी थांब्याकडे निघाली.

तेव्हापासून नाव जुळलं तरी मी बाईला माहेर विचारते. पुरुषाला आईचं नाव. रांगेतली माणसं कंटाळतात. काही बायका माहेरचं नाव सांगून थांबत नाहीत, भाऊ-भावजया सांगायला लागतात. मी ऐकते आणि लिहून घेते.