मिस्त्रींना मी नको म्हणालो

"खालून पाह्यल्याबिगर दरवाजा समजत नाई जी," असं म्हणून मिस्त्री आधी जमिनीवर आडवे व्हायचे. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून ते चौकटीच्या पायाशी बघत राहायचे. घरात नवखा पाहुणा असला की हमखास घाबरायचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावायचा. तुमच्याही गावात असा एखादा सुतार असेल, आठवून पाहा.

आमच्या आदिलाबादकडच्या, सरहद्दीवरच्या गावांत अलीकडे घरोघरी टाइल्स बसू लागल्या. टाइल चौकटीखाली सरकवायची तर चौकटीचे पाय बोटभर कापावे लागतात, आणि तिथे करवत शिरत नाही. मिस्त्री करवतीच्या मोडक्या पात्याला चिंधी गुंडाळत, डाव्या खांद्यावर लोळत आणि कापत बसत. जुनं सागवान, एका दाराला अर्धा दिवस जाई. उठताना भिंत धरून म्हणायचे, "लाकूड जुनं, मीबी जुना. दोघंबी आयकून नाई राह्यलो."

मी शाळामास्तर. माझ्या बापानं सारी हयात दुसऱ्यांच्या शेतात राबून काढली, आमच्या घरात शिकलेला मी पहिला. आता गावात कुणी फ्रीज घेवो की पाण्याची मोटर, आधी मला विचारतात. मी मोबाइलवर वाचून निकाल देतो. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

एकदा मधल्या सुट्टीत मिस्त्री शाळेत आले. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर आदिलाबादच्या दुकानातल्या एका मशीनचं चित्र होतं. बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, आणि अगदी जमिनीला चिकटून कापतं.

"सर, खांदा लय दुखून राह्यला. हे घेतलं तं अजून चार-पाच वर्सं काम करीन म्हनतो. तुमी पाहून सांगा, घेऊ का नोको?"

मी पाच मिनिटं मोबाइल चाळला. बॅटरी लवकर उतरते, खिळा लागला की पातं जातं, पाती महाग पडतात. लिहिलेलं सगळं खरं होतं. पण ते लिहिणारे वर्षातून एखादी फळी कापणारे हौशी लोक होते, आणि माझ्यासमोर रोज चौकटीखाली लोळणारा माणूस उभा होता. एवढं साधं मला दिसलं नाही.

"तुमच्या हातासारखं काम मशीनला जमेल का, मिस्त्री? नका घेऊ," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर खुर्चीत बसून त्यांचं हातकाम बघायला मला बरं वाटायचं. खांदा काही माझा नव्हता.

"मंग नाई घेत," ते म्हणाले. हाताचं कौतुक झालं म्हणून खूशही झाले.

वर्षभरानं ऑनलाइन सेल लागला आणि मी तेच मशीन स्वतःसाठी मागवलं. "तुमाले काऊन पाह्यजे?" बायकोनं विचारलं. न्हाणीघराचं दार खालून घासत होतं, ते मी कापायला घेतलं आणि असं तिरपं कापलं की एका बाजूला फट पडली आणि दुसरा कोपरा घासतच राहिला. शेवटी मिस्त्रींनाच बोलवावं लागलं. मशीन लपवायचं होतं, पण ते येईपर्यंत राहून गेलं.

त्यांनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं, बटण दाबलं. मग कुशीवर होऊन दोन-तीन मिनिटांत दार सरळ केलं.

"हलकं हाये," ते म्हणाले. मग, "कव्हा घेतलं, सर?"

"मेहुण्यानं दिलं."

"चांगलं देल्लं." गमछ्यानं भुसा पुसून, पातं काढून त्यांनी मशीन खोक्यात नीट ठेवलं. घेऊन जा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मग माझा सल्ला चुकला होता हे कबूल करावं लागलं असतं. मी खोकं उचलून कपाटात ठेवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

काही महिन्यांनी कळलं, मिस्त्रींचा खांदा गेला. उटनूरला एका वसतिगृहाच्या फाटकावर ते राखणदार म्हणून लागले. तेव्हा कुठे मी खोकं घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं खाट टाकली, चहा ठेवला.

"तुमचं लय नाव घेतेत जी," त्या म्हणाल्या. "पल्याडच्या गावच्या सुताराले तसलंच मशीन घ्याचं होतं. यायनं त्याले सांगतलं, सर नोको म्हनतेत, घेऊ नोको. सरायनं मले फसू नाई देल्लं म्हने."

"कधी सांगितलं?"

"उटनूरले जाच्या आदल्या दिवशी."

म्हणजे माझं मशीन स्वतःच्या हातानं चालवून पाहिल्यानंतर. तरीही त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नव्हता.

मी चहा संपवला आणि खोकं न उघडता घरी घेऊन आलो. तो दुसरा सुतार अजून हातानंच काम करतो. त्याचं गाव दोन कोसांवर आहे. त्याला खरं काय ते सांगायला मी अजून गेलेलो नाही.